चंद्राक्काचा डबा

मैंदर्गीत एखादी पोरगी दहावीला जरा बरे मार्क घेऊन आली की पेढ्यांच्या आधी चंद्रिकेचं नाव निघतं. "चंद्रिकेसारखी हो बघ!" चंद्रिका म्हणजे वीरभद्रप्पांची थोरली, गावातली पहिली इंजिनिअर मुलगी, सोलापुरात कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरीला. शाळेतला झेंडा तिच्या हातून, मंडळाचं बक्षीस तिच्या हातून, आणि प्रत्येक वेळी शाल-नारळ आहेच. एव्हाना त्या घरात शालींचं दुकान निघालं असतं. एखाद्याला डोक्यावर घ्यायला मिळालं की गाव त्याला खाली उतरवायचं नावच घेत नाही. बाबा रे, तुला उतरायचंय का, असं विचारायची तर पद्धतच नाही आपल्याकडे.

काव्या त्याच गावातली, शिवलिंगप्पांची धाकटी. बाजारात त्यांचं डाळी-कडधान्यांचं दुकान, ते आणि थोरले भाऊ चनमल्लप्पा मिळून चालवतात. घरात बोलणं कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही. काव्या सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. रोज एसटीनं अक्कलकोटला जायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं, तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. मग मे महिन्यात इंटर्नशिप आली. सोलापुरात राहून एखाद्या ऑफिसात काम शिकायचं, त्याशिवाय शेवटच्या वर्षाला बसू देणार नाहीत. चनमल्लप्पा, म्हणजे काव्याचे दोड्डप्पा, यांनी ऐकल्याबरोबर हात झटकले.

"एकटी पोरगी शहरात? न्हाय जमायचं. वर्ष गेलं तर जाऊ दे की. विजापूरकडनं ते स्थळ आलंयच."

तेव्हा अप्पांनी, म्हणजे काव्याच्या वडिलांनी, हुकमाचं पान टाकलं. "एकटी कशाला? चंद्रिका हाय की तितं. तिच्याच ऑफिसात घालतो."

आता चंद्रिकेचं नाव आल्यावर दोड्डप्पा काय बोलणार? मागच्या वर्षी शाल त्यांनीच पांघरली होती तिला. अप्पांनी एका ओळखीच्या बांधकाम ठेकेदाराकडून ऑफिसच्या साहेबांना शब्द टाकला, चंद्रिकेच्या आईला, मल्लव्वाला, निरोप दिला, आणि काव्या सोलापुरात आली. तेव्हा सरळ हिशोब असा होता: चंद्रिका आहे तर काव्या सोलापुरात. चंद्रिका नाही तर काव्या घरी, आणि घरी विजापूरचं स्थळ.

सोमवारी सकाळी सात रस्त्याजवळच्या त्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना तिनं नवा ड्रेस घातला होता. पर्समध्ये चंद्रिकेसाठी, गावातल्या पोरींच्या चंद्राक्कासाठी, शेंगदाण्याचे लाडू. पहिलं वाक्य काय बोलायचं तेही बसमध्ये वळसंग येईपर्यंत पाठ केलेलं. चंद्राक्काचा नंबर होता तिच्याकडे, पण एवढ्या मोठ्या बाईला फोन करायचा धीर झाला नव्हता. समोर गेल्यावरच नमस्कार करू म्हणाली.

ऑफिस दोन खोल्यांचं. आत पृथ्वीराज साहेबांची केबिन, बाहेर टेबलं आणि कॉम्प्युटर. एका कॉम्प्युटरवर आरोही नावाची मुलगी नकाशा काढत बसली होती, कानात इअरफोन.

"चंद्रिका मॅडम कुठं बसतात?" काव्यानं विचारलं.

आरोहीनं एक कान मोकळा केला. "कोण?"

"चंद्रिका मॅडम. मैंदर्गीच्या."

"अगं, त्या कधीच गेल्या सोडून. वर्ष होत आलं असेल. कुठं गेल्या काय माहीत." आणि इअरफोन परत कानात.

परवाच तर मल्लव्वा म्हणाली होती, सांगितलंय चंद्रीला, ती बघून घेईल तुला. म्हणजे आईलासुद्धा माहीत नाही! गावात कुणालाच माहीत नाही! ती तशीच लाडवांची पर्स छातीशी धरून उभी राहिली. शेवटी साहेबांनी केबिनमधून हाक मारली. माणूस भला, पण कायम फोनवर. त्यांनी टेबलावरचा कागदांचा ढीग दाखवला आणि म्हणाले, "आधी नकाशे घडी घालायला शिका. नावाचा चौकोन वर आला पाहिजे." झालं प्रशिक्षण.

दुपारी साहेब जेवायला घरी गेले. आरोही डबा आणि फोन घेऊन गच्चीच्या जिन्यात गेली. तिचं लग्न ठरलेलं, नवऱ्या मुलाशी बोलता बोलता जेवायची. साइट बघणारे शहाजीमामा असायचे साइटवरच. राहिली काव्या आणि वरचा पंखा. मेसचा डबा तिनं घडी घातलेल्या नकाशांच्या शेजारी उघडला आणि भिंतीकडं बघत खाल्ला. राहायच्या खोलीतही तेच. दुसऱ्या कॉटवरची मुलगी सुट्टीला गावी गेलेली, गादी गुंडाळून ठेवलेली.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. अप्पांचा पहिला प्रश्न कुणालाही, कधीही, एकच असतो: "ऊटा आत?" जेवण झालं का. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

"झालं अप्पा."

"आन् चंद्रिका? भेटली का?"

इथं खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतरचं सगळं काव्याला दिसत होतं. सकाळची पहिली गाडी, त्यातून उतरणारे अप्पा, बॅग, आणि परत जाताना खिडकीतून मागं पडणारं सोलापूर.

"भेटली की," ती म्हणाली.

"काय म्हनली?"

थाप एकदा मारून भागत नाही, तिला रोज खायला घालावं लागतं. काव्याच्या तोंडून निघून गेलं, "जेवायला घेतलं मला बरोबर. तिच्या डब्यात शेंगापोळी होती. अर्धी मला दिली."

"अगं ऐकलंस का," अप्पा तिकडं ओरडले, "शेंगापोळी दिली म्हनं पोरीला!" मागून अव्वाचा, आईचा, आवाज आला, काय बाई माया आहे, असा काहीतरी. मग रात्रीत ते मल्लव्वाच्या घरी गेलंच. मैंदर्गीत बातमीला गाडी लागत नाही.

मंगळवार-बुधवारी चंद्राक्का चांगलीच रंगात आली. तिनं काव्याची तिरकी रेघ बघून कान उपटला. उन्हाचं बाहेर पडू नकोस, रुमाल बांध, म्हणाली. डब्यात भरली वांगी आणली आणि मोठं वांगं काव्याच्या डब्यात टाकलं. अप्पा ऐकत राहायचे आणि मध्येच विचारायचे, "मग? आनखी काय म्हनली?" त्यांना किती ऐकू आणि किती नको असं व्हायचं. आणि काव्यालाही, खोटं कशाला बोला, सांगायला आवडायला लागलं. दिवसभरात तिच्याशी कोण बोलायचं? "घडी चुकली," "झेरॉक्स आण," "दार लाव." संपलं. मग दुपारी डबा उघडला की ती विचार करायची, आज चंद्राक्कानं काय आणलं असेल. बुधवारी तर तिनं आपला डबा टेबलाच्या कडेला सरकवून ठेवला, समोर कुणाचा तरी मावेल एवढी जागा सोडून. मग भानावर आली आणि इतकी लाज वाटली तिला, की डबा अर्धा टाकून ती नळावर तोंड धुवायला गेली.

गुरुवारी सकाळी अप्पांचा फोन. नेहमीची वेळ नव्हती, काव्या दचकली.

"अव्वानं दोन डबे पाठवलेत. एक तुझा, एक चंद्रिकेचा. दुपारच्या गाडीला कंडक्टरकडं दिलेत. आन् रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीला देऊन टाक, अव्वा वाट बघती डब्याची."

आमच्या भागात एसटीनं माणसं कमी आणि डबे जास्त प्रवास करतात. भर उन्हात काव्या स्टँडवर गेली. कंडक्टरनं सीटखालून पिशवी काढली. "शिवलिंगप्पांची तूच का? घे. आणि एक त्या इंजिनिअर बाईंना द्यायचा म्हणालेत, विसरू नकोस."

दोन्ही डबे घेऊन ती ऑफिसात आली. टाकून द्यायचे? अव्वाच्या हातचं अन्न कुठं टाकणार! आरोहीला विचारलं, तर ती म्हणाली, "नको गं, डाएट चाललंय माझं." शहाजीमामा साइटवर. मग तिनं आपला डबा खाल्ला. भाकरी, मुगाची उसळ, चटणी. आणि दुसरा उघडला. त्यात भाकरीला लोणी लावलेलं होतं. वेगळ्या डबीत कैरीचा तक्कू. उसळीवर खोबरं. परक्याच्या लेकीसाठी अव्वानं हात सैल सोडला होता, आपल्या लेकीला ती सांभाळते आहे म्हणून. पहिल्या दोन घासांना काव्याला थोडा हेवाच वाटला. मग मात्र घास उतरेना. ती एकटी होती. या शहरात तिच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं, आणि जे एक होतं ते तिनंच बनवलेलं होतं. रडत रडत तिनं तो डबा संपवला, पार तक्कूच्या डबीपर्यंत. घासून धुऊन दोन्ही डबे संध्याकाळच्या गाडीला दिले.

रात्रीचं जेवण तिनं केलंच नाही. फोनवर अप्पा खूश होते. "आवडला का डबा चंद्रिकेला?"

"लई आवडला."

"मग शनिवारी येतो मी. दोड्डप्पा पन म्हनले, जाऊन ये. त्या पोरीचे आभार मानायला नकोत का?"

"कशाला अप्पा, उन्हाचं..." पण अप्पांनी फोन अव्वाकडं दिला होता, आणि अव्वा विचारत होती, शनिवारी पिशवीतून आणखी काय काय पाठवू.

शुक्रवार कसा गेला तिचं तिला ठाऊक. नकाशे उलटे घडी घातले, साहेबांची बोलणी खाल्ली. आजारी पडले म्हणावं? ऑफिस बंद आहे म्हणावं? संध्याकाळी ती खाली उतरली तर जिन्याच्या तोंडाशी एक बाई उभी होती. तिशीची असेल, मरून रंगाचा कोट, खिशावर नावाची पट्टी. काव्याला बघताच ती पुढं आली.

"काव्या तूच का गं? शिवलिंगप्पांची?"

"हो..."

"मग मला एक सांग, माझ्या डब्यातली शेंगापोळी तू कधी खाल्लीस?"

काव्यानं नावाची पट्टी वाचली. इतकी वर्षं जिच्यासारखं व्हायचं होतं ती चंद्राक्का समोर उभी होती, कंबरेवर हात ठेवून, चांगलीच चिडलेली. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, चुकलं माझं."

रसवंतीत बसून दोन ग्लास रस मागवला तेव्हा कुठं चंद्रिकेचा पारा खाली आला.

"तू येणार म्हणून आईनं सांगितलं ना, तेव्हाच म्हटलं, संपलं आता. सोमवारी दिवसभर फोनकडं बघत होते. आता आईचा फोन येणार, रडणार, ओरडणार. आला रात्री. आणि आई म्हणते काय, 'शेंगापोळी दिलीस म्हणे पोरीला, बरं केलंस गं चंद्री!' मला वाटलं, आईला ऊन लागलं की काय. मंगळवारी म्हणते, इतकं रागावू नये लेकराला. आणि त्यानंतर वांगी!"

"वांग्याचं काय झालं?"

"अगं, मी वांगं खात नाही! अंगाला खाज सुटते माझ्या, लहानपणापासून. आई म्हणाली, 'वांगं खायला लागलीस?' काय सांगू? हो म्हटलं. आता मी घरी गेले की ती वांगी करणार माझ्यासाठी, आणि मला ती खावी लागणार. तुझ्यामुळं!"

काव्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चंद्रिकाही हसली. मग ग्लास बाजूला सारून तिनं खरं ते सांगितलं. होटगी रोडला फरशांचं मोठं शोरूम आहे, तिथं ती विक्रीला असते.

"कुणी काढलं का तुम्हाला ऑफिसातून?"

"कुणी काढलं नाही आणि कुणी छळलंही नाही. साहेब चांगले आहेत. मलाच ते जमायचं नाही. रोज सकाळी त्या पायऱ्या चढताना छातीत धडधडायचं, आज कुठलं माप चुकलं असेल म्हणून. शोरूममध्ये बायका येतात, स्वयंपाकघराला कुठली फरशी लावू म्हणतात, मी सांगते, त्या घर बांधून झाल्यावर पेढे घेऊन येतात. बरं वाटतं मला तिथं."

"मग गावात सांगायचं की तसं."

"काय सांगू? तुमची झेंडेवाली फरशा विकते?" चंद्रिका एकदम तडकली, आणि रागाच्या भरात तिची भाषा मैंदर्गीला गेली. "मी वाईट न्हवते गं. साधारन हुते. चारचौघींसारखी. पन गावानं मला साधारन ऱ्हाऊच दिलं न्हाय. परत्येक वेळी एक शाल. लाज वाटाय लागली मला घरी जायची. दिवाळीला पन गेले न्हाय, काम हाय म्हनून सांगितलं."

म्हणजे दिवाळीला ही बाई इथं एकटी होती, खोलीत. काव्या तिच्याकडं बघत राहिली. खरं सांगायचं तर तिला थापांमधली चंद्राक्का जास्त आवडत होती. ती शांत होती, मोठी होती, डबा वाटून खायची. ही रसाचा ग्लास रागानं आपटत होती. पण ही खरी होती आणि समोर बसलेली होती, आणि आठवडाभरात कुणीतरी पहिल्यांदाच काव्याच्या समोर बसलं होतं.

"अक्का, उद्या अप्पा येणार आहेत. तुम्हाला भेटायला. नुसती दहा मिनिटं येऊन उभ्या राहाल का ऑफिसात? नाही तर मला घेऊन जातील ते. स्थळ बघितलंय."

"तुझ्या अप्पांच्या तोंडावर खोटं बोलू?"

"मी आठवडाभर बोलतेच आहे की."

"फोनवर सोपं असतं बाई." चंद्रिका उठली. पदराला पुसावं तसे तिनं कोटाला हात पुसले. "बघते," म्हणाली आणि रिक्षात बसून गेली.

बघते म्हणजे हो की नाही, हे आपल्या भाषेत आजवर कुणाला कळलेलं नाही. काव्यानं तो हो धरला.

शनिवारी अप्पा आले. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, कपाळाला विभूती, दोन्ही हातांत पिशव्या. साहेब बाहेर गेले होते. अप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू पूर्ण बसलं तर खुर्चीचं भाडं पडेल.

"चंद्रिका कुटं हाय?"

"साइटवर गेल्यात अप्पा. येतील."

आरोहीनं मान वर केली. तिनं काव्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. "येतीलच इतक्यात," आरोही म्हणाली आणि उठून अप्पांना पाणी आणून दिलं. आठवडाभर एक शब्द धड बोलली नव्हती, पण वेळेला धावून आली, हे मान्य केलं पाहिजे.

आणि दार ढकलून चंद्रिका खरंच आली. काव्याचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी तिनं बघितलं की चंद्रिकेच्या अंगावर शोरूमचा तोच मरून कोट आहे, खिशावर पट्टी तशीच. अप्पा तिला बघून उठून उभे राहिले. लेकीच्या वयाची पोरगी, पण उभे राहिले, हात जोडून लिंगायती नमस्कार केला. "शरणार्थी ताई. लई उपकार झाले तुमचे."

"काका, बसा आधी तुम्ही. मला हात जोडू नका." चंद्रिकेनं त्यांचे हात खाली केले. "मी या ऑफिसात नाही. वर्ष झालं सोडून. फरशांच्या दुकानात असते. काव्याला मी काल संध्याकाळी पहिल्यांदा भेटले. चांगला ड्रेस इस्त्री करून ठेवला होता आज घालायला. मग म्हटलं, आज हा घातला तर पुढची दहा वर्षं घालावा लागेल."

काव्याला तिचा इतका राग आला! स्वतःचं ओझं टाकून मोकळी झाली, आणि टाकलं कुणाच्या डोक्यावर? ती मान खाली घालून उभी राहिली. आता अप्पा म्हणणार, बॅग भर.

अप्पांनी चंद्रिकेच्या खिशावरची पट्टी वाचली. सावकाश खाली बसले. मग काव्याकडं बघून त्यांनी विचारलं, "मग तू जेवत कुनाबरोबर हुतीस?"

"एकटीच."

"रोज?"

"व्हय."

"आन् अव्वानं पाठवलेला दुसरा डबा?"

"मीच खाल्ला अप्पा. दोन्ही."

अप्पांनी टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं आणि परत घातली. "मी रोज इचारत हुतो," ते म्हणाले, "काय खाल्लं, काय म्हनली. तू सांगायचीस, आन् मी दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचो."

"अप्पा, मला लई एकटं वाटतं हितं," काव्या म्हणाली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "खोटं कशाला सांगू? रोज रडायला येतं. पण मला घरी यायचं न्हाय."

अप्पा उठले. पिशव्या तिच्या हातात दिल्या. जाताना चंद्रिकेपाशी थांबले. "तुझ्या घरी मी काय सांगनार न्हाय. ते तू सांग. पन लवकर सांग बाई, मल्लव्वा वांगी घेऊन बसलीया." काव्या स्टँडपर्यंत सोडायला गेली. खिडकीतून अप्पा एवढंच म्हणाले, "संध्याकाळी फोन करतो." ना हो, ना नाही.

खोलीवर येऊन तिनं बॅग भरायला घेतली. राहायचं असेल तर काढता येईल, म्हणाली. फोनची नेहमीची वेळ होऊन गेली. पिशवीतलं अव्वानं पाठवलेलं तिनं उघडलं नव्हतं. समोरच्या कॉटवरच्या गुंडाळलेल्या गादीकडं बघत ती बसून राहिली. शेवटी फोन वाजला.

"ऊटा आत?"

"न्हाय अजून. तुमचं?"

"बसलोय आत्ता. दुकानात."

"दुकानात? का?"

"घरी सांगितलं मी. चंद्रिका-बिंद्रिका कोन न्हाय तिच्यासंगं. पोरगी एकटी ऱ्हाती, एकटी जेवती, काम करती, आन् ती तितंच ऱ्हानार. म्हटलं एकदाचं. दोड्डप्पा ताटावरनं उठले. म्हनले, इथनं फुडं तुझ्या पंगतीला मी न्हाय."

त्या दोघा भावांची ताटं आजवर कधी वेगळी मांडली गेली नव्हती. एक गावाला गेला तर दुसरा तो येईपर्यंत उपाशी थांबायचा, अव्वा कितीही ओरडली तरी.

"अप्पा, मी येते घरी. उद्या सकाळच्या गाडीनं येते."

"गप. रागावलाय तो, रागावू दे. तू यायचं न्हाय."

मग फोनमधून डब्याचं झाकण वाजल्याचा आवाज आला.

"अव्वानं डबा आनून दिलाय हितं," अप्पा म्हणाले. "पन एकट्यानं घास उतरंना बघ. तू कसं केलंस गं आठवडाभर?"

तिनं तोंडावर हात धरला, तरी त्यांना ऐकू गेलंच असणार.

"रडू नको. डबा काढ तुझा. फोन ठेवू नको."

तिनं पिशवी ओढली. कडक भाकरी होती, चटणी होती. फोन कॉटवर ठेवून तिनं भाकरी मोडली. तिकडं अप्पांनीही मोडली असावी, फोनमधून कडकन आवाज आला.

"हाईस का?" थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं.

"हाय अप्पा."

"मग जेव."